वाचल्याचे मानण्यात येते

४ फेब्रुवारी, मंगळवार

राजीनामा लिहून झाला. 'प्रकृतीच्या कारणास्तव' असं घातलंय. प्रकृतीला काय धाड भरलीय? पण 'कंटाळा आला' हे कारण सरकारी मसुद्यात बसत नाही, म्हणून बिचाऱ्या प्रकृतीच्या माथी मारायचं. या महिन्यात अधिवेशन सुरू होईल, माझं अभिभाषण होईल, लगेच पाठवून द्यायचा आणि थोरल्या लेकीच्या थंड गावी जाऊन राहायचं, असं हिला सांगितलं. ही म्हणाली, "मला काय, मी कुठेही राहीन." आणि दुपारी लोकरीचे कपडे उन्हात घातलेले दिसले.

रात्री निजण्याआधी हे लिहायला बसतो, तेवढा वेळ माझा. बाकी दिवसाचा मालक सचिव. दारंसुद्धा आपण लोटायची नाहीत इथे. दारापाशी माणूस उभा असतो, त्याचा हात पुढे होईपर्यंत थांबायचं. बसमध्ये कंडक्टर होतो तेव्हा अख्ख्या गाडीला पुढे सरकवायचो. आता मलाच कोणीतरी पुढे सरकवतं.

कंडक्टर, मग युनियन, मग निवडणूक, एकदा मंत्री. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं स्टँडवर पडलेल्या वर्तमानपत्रांतून शिकलो. मग पक्षाला मी टाकवेना आणि ठेववेना. घरात जुना पलंग असतो ना, मोडायचा जीव होत नाही आणि दिवाणखान्यात शोभत नाही, मग त्याला वरच्या खोलीत नेतात. राज्यपाल म्हणजे वरची खोली. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

हिला मात्र इथल्या तसबिरी आवडू लागल्यात. जिन्यात आजवरच्या सगळ्या राज्यपालांच्या तसबिरी टांगल्यात. वर येताना ही एकेकीपाशी थांबते, कठड्याला धरून बराच वेळ बघत राहते. मी म्हटलं, "एवढं काय आहे त्या मिशांत?" तर म्हणे, "चेहरे वाचते."

९ फेब्रुवारी, रविवार

क्रीडांगणावर नव्या प्रेक्षागृहाची कोनशिला बसवायला गेलो होतो. दोरी ओढली, पडदा अर्ध्यात अडकला, सगळ्यांनी तरी टाळ्या वाजवल्या.

परतताना कुंपणापलीकडे पत्र्याच्या शेडची रांग दिसली. गाडी थांबवा म्हटलं. पुढे बसलेल्या सचिवांच्या मानेची शीर ताठ झाली ती मागून दिसली. मागच्या वर्षीच्या पावसात टेकडी खचली, घरं गाडली गेली, ती माणसं इथे आणून ठेवलीत. मला वाटत होतं, कधीच घरी गेली असतील.

पहिल्याच शेडच्या दारात एक बाई शिवणयंत्र घेऊन बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मापं घेऊन आलात का? आज नवीन काम घेत नाही."

सचिव म्हणाले, "बाई, हे राज्यपाल आहेत."

"असतील. माझ्या उजेडात उभे आहेत."

मी बाजूला झालो. मग तिने वर पाहिलं आणि तीच ओशाळली. नवरा त्या टेकडीखाली गेला. आता दोन लेकी, सासू आणि ते यंत्र. शहराबाहेर इमारती बांधायला घेतल्यात, पण त्यांना ना छप्पर ना दारं, असं म्हणाली. "आम्ही रविवारी जाऊन बघून येतो हो. लोक बागेत जातात, आम्ही आमचं घर बघायला जातो. दर रविवारी तस्संच असतं."

मी म्हटलं, "बघतो मी."

"सगळेच बघतात, साहेब. बघण्यासारखंच आहे."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

अभिभाषण आलं. जाड कागद, सोनेरी कड. इथला रिवाज असा की भाषण मंत्रिमंडळ लिहितं, वाचतो मी, आणि त्यात दर दोन ओळींनी 'माझे शासन'. शासनाने मला कधी आपला म्हटलेलं नाही, ही गोष्ट वेगळी.

एकोणिसावा परिच्छेद : 'टेकडी खचून बेघर झालेल्या सर्व कुटुंबांना पक्की घरे देण्यात आली आहेत, हे कळविण्यास माझ्या शासनाला आनंद होत आहे.'

सचिवांना बोलावलं. "हे खरं नाही. तुम्हीही परवा पाहिलंत."

"होय, सर."

"मग बदलून आणा."

"मजकूर मंत्रिमंडळाचा असतो. आपण विनंती करू शकता."

केली विनंती. संध्याकाळी उत्तर आलं : बदल शक्य नाही. मुख्यमंत्र्यांनी फोनही केला. पोरगा माझ्याच युनियनच्या सभांत सतरंज्या घालून मोठा झाला, अजून काका म्हणतो. "काका, एक ओळ आहे. कोण ऐकतंय?"

"एवढीशीच आहे तर काढून टाक."

"ती ओळ सभागृहात आली की पुनर्वसन संपलं, काका. मग शेड निघतील, मैदान मोकळं होईल. वर्षाअखेरीस स्पर्धा आहेत, बाहेरचे पाहुणे येणारेत. तुम्ही वाचा हो नुसतं."

म्हणजे ती ओळ नव्हे, पत्रा उचकटायची पहारच आहे, आणि ती माझ्या हातात दिलीय.

२० फेब्रुवारी, गुरुवार

नाही वाचला! अठरावा वाचला, एक घोट पाणी प्यायलो आणि सरळ विसाव्यावर गेलो. आवाज पक्का होता. विरोधी बाकांवर कुजबुज झाली. मुख्यमंत्री छताकडे बघत होता. या वयात छाती अशी फुगेल असं वाटलं नव्हतं. गाडीत बसल्यावर हिला फोन केला, "नाही वाचला!" ही म्हणाली, "बरं झालं. जेवलात का?"

दुपारी चारला सचिव सभागृहाची छापील प्रत घेऊन आले. त्यात एकोणिसावा परिच्छेद सुखरूप.

"हे कसं? मी वाचला नाही!"

"सर, प्रथा अशी आहे की पहिला आणि शेवटचा परिच्छेद वाचला की सगळं भाषण वाचल्याचे मानण्यात येते. पूर्वी एका राज्यपालांना भोवळ आली होती, तेव्हापासून."

"हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"आपण विचारलं नाहीत, सर." प्रत टेबलावर ठेवून म्हणाले, "आपण चांगलं वाचलंत."

चांगलं वाचलं म्हणे. सुतक्या चेहऱ्याचा मेला. जखमेवर मीठ चोळतानाही आवाज खालचा.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पालथ्या घड्यावर पाणी. राजीनामा सोमवारी पाठवतो. आज काही लिहवत नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पाकिटाला डिंक लावतच होतो, तेवढ्यात भेटायला कोणी आलंय म्हणून निरोप आला. बघतो तर शिवणवाली. भेटीच्या यादीत तिचं नाव चुकून घुसलं असं सचिव म्हणाले. या कचेरीत हल्ली चुका फार होतात.

बाईने शेड रिकामी करायची नोटीस माझ्यापुढे धरली. मार्च संपायच्या आत. "साहेब, तुम्हीच भाषणात सांगितलंत म्हणे, आम्हाला घरं मिळाली. कुठे मिळाली तेवढं सांगा, म्हणजे सामान तिकडे नेते."

"मी तसं म्हटलं नाही हो, बाई."

"कागदावर तुमचं नाव आहे."

काय सांगणार तिला? न बोललेलं बोललो असं मानतात, हे मलाच अजून नीट कळलेलं नाही. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खुर्चीच्या गादीची शिवण बोटाने चाचपत बसली आणि म्हणाली, "उसवलीय. सांगा कोणाला तरी."

ती गेल्यावर सचिवांवर चिडलो. "मला या राज्यात एक तरी गोष्ट करता येते का?"

त्यांनी नेहमीचं रडगाणं लावलं. "फारसं नाही, सर. सह्या आणि दौरे. दौऱ्यांचा तर आम्हालाच ताप. एकदा आपला दौरा कागदावर चढला की त्या जागेची खुंटीही हलवता येत नाही. सुरक्षेची माणसं जागा पाहून नकाशा करून गेलेली असतात, काही बदललं की सगळं पहिल्यापासून. मागच्या साहेबांनी एका जुन्या मंडईचा दौरा ठरवला आणि पुढे ढकलत राहिले, तर पाडायला काढलेली मंडई तशीच उभी राहिली. फार गैरसोय झाली लोकांची."

बिचारा आपलं दुःख सांगत होता, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला! म्हटलं, "येत्या गुरुवारच्या पुढचा गुरुवार. शेड. लिहून घ्या. आणि त्यानंतरचा. आणि त्यानंतरचा."

"दर गुरुवारी, सर?"

"दर गुरुवारी."

"कारण काय घालू?"

"घाला काहीतरी. शर्ट शिवायचाय."

त्यांनी निमूट लिहून घेतलं. एवढा शिकलेला माणूस, पण मी काय डाव टाकला ते त्याच्या लक्षात आलेलं दिसत नाही. हिला सगळं सांगितलं, तर म्हणाली, "सचिव चांगला आहे हो." मी म्हटलं, "तुला काय, सगळेच चांगले."

पाकीट पुन्हा खणात. हिला म्हटलं, थोडे दिवस थांबावं लागेल. "थांबू की," म्हणाली, आणि खिडकीपाशी जाऊन बसली.

६ मार्च, गुरुवार

राज्यपाल येणार म्हणून शेडपर्यंत रात्रीत डांबर पडलं. पाण्याचा टँकर, चुन्याच्या रेघा, कुंड्या. एका शेडच्या दारात तर गालिचा. शिवणवालीच्या सासूबाई त्यावर पाय न ठेवता कडेकडेने चालत होत्या. शिवणवालीने माझी मापं घेतली. "पोट आत घेऊ नका, साहेब, मग शर्ट नंतर भांडतो."

निघताना हळूच म्हणाली, "नोटीसवाले काल आले होते. तुमचा कार्यक्रम आहे म्हणून परत गेले."

"पुढच्या गुरुवारीही आहे."

तिने मापाची फीत गळ्यात टाकली. मग म्हणाली, "मग शर्ट सावकाश शिवते."

१४ मार्च, शुक्रवार

नवीन ताप. वरच्या मजल्याच्या छताला ओल आलीय म्हणून सचिवांनी आमचं बिऱ्हाड तळमजल्यावर हलवलं. मला तरी कुठे ओल दिसली नाही. मी भांडायला निघालो तर हीच म्हणाली, "राहू द्या ना, इथे बरं वाटतं." आता तिच्या तसबिरी राहिल्या, म्हटलं, चुकल्याचुकल्यासारखं होईल. पण नाही, खुशीत दिसते.

३ एप्रिल, गुरुवार

दमलो. खरंच दमलो. 'गुरुवारचे राज्यपाल' म्हणून वर्तमानपत्रात व्यंगचित्र आलं, हातात सुईदोरा दिलाय. मुख्यमंत्र्याने वर तक्रार केली म्हणे. पण राज्यपालाला काढायचं तर कारण दाखवावं लागतं, आणि 'शर्ट शिवायला जातात' हे कारण कागदावर चढवायला कोणी धजत नाही.

मागच्या आठवड्यात अंगात ताप होता. सचिवांना म्हटलं, उद्याचा दौरा रद्द झाल्याचं कळवून टाका. ते कळवायचे विसरले. सकाळी दहा पोलीस, टँकर, सगळं मैदानात हजर, आणि शेड काढायचा ट्रक फाटकाबाहेरून परत गेला. त्यांच्या विसरभोळेपणाने वाचलो. त्यांचंही वय होत आलं, विसरायचेच.

थोरलीचा फोन होता. "बाबा, आई तुम्हाला सांगणार नाही, म्हणून मी सांगते. आता पुरे करा. तिला घेऊन या."

"तिला काय झालंय?"

"तिलाच विचारा."

विचारलं. म्हणाली, "काही नाही हो, वय झालं. डॉक्टर येऊन गेले सकाळी, गोळ्या दिल्यात." डॉक्टर आले कधी? मी शेडवर होतो. कोणी बोलावलं तर म्हणे सचिवांनी.

तिथे जावं तर इथे लक्ष नाही, इथे राहावं तर तिथे ट्रक उभा. युनियनमध्ये असताना बरं होतं. रागावलो की दमणूक कळायची नाही. आता राग यायलासुद्धा श्वास लागतो.

२३ एप्रिल, बुधवार

मुख्यमंत्री स्वतः आला. हिने चहा दिला, त्याच्या आईची विचारपूस केली. ही आत गेल्यावर पोराने पाय पसरले.

"काका, तुम्ही मला कोंडीत धरलंय."

"मी? मी तर शर्ट शिवतोय."

"कितवा?"

"बाह्या जमत नाहीत."

हसला, पण डोळे हसले नाहीत. मग पुढे झुकून म्हणाला, "स्पष्ट बोलतो. तुम्ही थकलात. सन्मानाने जा. मी वर बोलतो, निरोप समारंभ करू, मानपत्र देऊ. तुम्ही फक्त राजीनामा द्या."

खणात पाकीट होतं, डिंक लावलेलं! हाताला खाज सुटली माझ्या. पण संपाच्या बोलण्यांतला पहिला धडा : जे आपल्याला हवंय तेच समोरच्याने पुढे केलं, तर आधी तोंड कडू करायचं.

म्हटलं, "राजीनामा? छे! माझी दोन वर्षं बाकी आहेत. हिला इथली बाग आवडते. मी तर अजून एक टर्म मागायचा विचार करत होतो."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "काका!"

"बाकी तू माझा पोरगाच. तुझ्यासाठी सोडीनही. पण मला काय मिळेल?"

"काय हवं?"

"एकोणिसावा परिच्छेद खरा कर."

उठून येरझाऱ्या घालू लागला. पैसा नाही, कंत्राटदार ऐकत नाही, खातं दुसऱ्याकडे आहे, सगळं सांगून झालं. मी बिस्कीट खात राहिलो. शेवटी म्हणाला, "आधी राजीनामा द्या, जूनपर्यंत घरं देतो. शब्द."

"शब्द मी तुला शिकवला, बाळा. आधी घरं. शेवटचं कुटुंब आत गेलं की त्याच संध्याकाळी मी बाहेर."

"आणि दौरे?"

"आता बांधकामावर. दर गुरुवारी."

कपाळाला हात लावून गेला. आत येऊन हिला सांगितलं, "फुकट द्यायला निघालो होतो ती वस्तू विकली!" ही म्हणाली, "म्हणजे जूनपर्यंत इथेच?" माझं हसणं जाग्यावर थांबलं. म्हटलं, तू जा थोरलीकडे, मी येतो मागून. त्यावर एवढंच म्हणाली, "आजवर कधी पुढे गेलेय का?"

१५ मे, गुरुवार

छप्परं पडली. दारं बसताहेत. उन्हात शिडीपाशी खुर्ची टाकून बसतो, नुसता बसतो. राज्यपाल बसलाय म्हटल्यावर मुकादमाला उठता येत नाही. कंत्राटदार रोज नवं कारण शोधून आणतो आणि मला बघून परत नेतो. आज खुर्चीतच डुलकी लागली. जाग आली तर डोक्यावर छत्री, आणि सचिव ती धरून उभे. प्रोटोकॉल असावा.

१२ जून, गुरुवार

आज शेवटची कुटुंबं आत गेली. शिवणवाली त्यांच्यातच, बाकीच्यांचं सामान चढवून मग आपलं यंत्र आणलं. तिसरा मजला. हिलाही बरोबर नेलं होतं, पण जिना बघून ती खालीच गाडीत बसली.

घर म्हणजे दोन खोल्या. भिंती अजून ओल्या, एक खिडकी उघडते ती बंद होत नाही. सासूबाई कोपऱ्यात बसून जमीन हाताने पुसत होत्या, पुसलेलीच पुन्हा. लेकी आतल्या खोलीचं दार लावून घ्यायच्या, उघडायच्या, पुन्हा लावून घ्यायच्या. शेडला लावायला दार कुठे होतं?

शिवणवाली म्हणाली, "खिडकी बिघडलीय. पाणी वर चढत नाही, खालून भरून आणावं लागतं. पुढच्या गुरुवारी याल तेव्हा त्या कंत्राटदाराला धरून आणा."

म्हटलं, "पुढच्या गुरुवारी येणार नाही. माझी नोकरी संपली आजपासून."

"काढलं?"

"निघालो."

"आमच्यामुळे?"

"नाही हो. मला जायचंच होतं."

तिचा विश्वास बसला नाही. आयुष्यात एवढं खरं मी क्वचित बोललो असेन, आणि नेमकं तेच तिला खोटं वाटलं. डोळे पुसले, मग एकदम व्यवहारावर आली. "ते ठीक आहे. पण आता पाणी नाही आलं तर आम्ही कोणाचं दार ठोठावायचं?"

खाली गाडीवरचा झेंडा उतरवून शिपाई त्याची घडी घालत होता, खिडकीतून दिसत होतं. उद्या माझ्या फोनला कोण विचारणार? घर फिरलं की वासेही फिरतात.

तेव्हा मागून सचिव पुढे झाले. खिशातलं पेन काढलं, यंत्राशेजारच्या चिंधीवर आपला घरचा नंबर लिहिला आणि म्हणाले, "मला फोन करा, बाई. नवे साहेब सोमवारी येताहेत. त्यांचा पहिला दौरा अजून ठरायचाय."

मी थक्क! एवढे महिने डोळ्यांसमोर माझी युक्ती चालली होती, ती अखेरच्या दिवशी का होईना, या माणसाच्या ध्यानात आली. जिना उतरताना त्यांची पाठ थोपटली. म्हटलं, "शिकलात हो माझ्याकडून काहीतरी."

"होय, सर," म्हणाले.

गाडीत बसल्यावर हिला हे सगळं सांगितलं. ही आधी माझ्याकडे, मग पुढे बसलेल्या सचिवांच्या मानेकडे बघत राहिली, आणि हसायला लागली. तोंडाला पदर लावून, धाप लागेपर्यंत हसली. का हसतेस म्हणून किती विचारलं, पण सांगेना. पुढे सचिव खिडकीबाहेर बघत होते, आणि त्यांचेही खांदे हलत होते.